तापीकाठचे रेल्वे-नकाशे

सुरतेची रेल्वे दाखवणारे जुने नकाशे प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटचा. मैलाला एक इंच या मापाच्या मालिकेत सुरतेचे शीट 46 सी/16. रुळांचा भराव, तापीवरचा पूल, शहराबाहेरची शेते सगळे त्यात मोजून काढलेले असते. दुसरा प्रकार अॅटलास आणि गॅझेटियरमधल्या पानांचा. तिसरा रेल्वे कंपन्यांच्या वेळापत्रकात घडी घालून चिकटवलेल्या नकाशांचा. हा तिसरा प्रकार छापला गेला सर्वात जास्त आणि उरला सर्वात कमी, कारण नवे वेळापत्रक आले की जुने रद्दीत जाई. प्रस्तुत लेखकाचा संग्रह मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराचा आहे.

वेळापत्रकातून सुटलेल्या नकाशावर बहुधा साल नसते. ते नकाशातूनच काढावे लागते, आणि त्यासाठी मार्गाचा इतिहास तोंडपाठ लागतो. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचा पहिला तुकडा 10 फेब्रुवारी 1860 रोजी सुरू झाला तो अंकलेश्वर ते उत्राण. उत्राण तापीच्या उत्तर तीरावर, सुरत दक्षिण तीरावर. म्हणजे पहिली गाडी नदीच्या अलीकडेच थांबली. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत रूळ जोडले गेले ते 28 नोव्हेंबर 1864 रोजी. सुरतेहून पूर्वेला अमळनेरकडे जाणारी सुमारे 156 मैलांची तापी व्हॅली रेल्वे 1900 साली पूर्ण झाली. हीच आजची उधना–जळगाव लाइन. व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही तिची स्टेशने. उधना आणि लिंबायतमधल्या कितीतरी खानदेशी घरांचा सुरतेशी संबंध याच लाइनने जुळला. लेखकाचे आजोबाही नंदुरबारहून भुसावळ पॅसेंजरनेच सुरतेच्या गिरणीत आले.

काळ ठरवायला रुळांपेक्षा सरहद्दी जास्त उपयोगी पडतात. ब्रिटिश मुलूख गुलाबी आणि संस्थाने पिवळी, हा रिवाज बहुतेक नकाशांनी पाळला. त्यामुळे तापी व्हॅलीची काळी रेघ सुरतेच्या गुलाबीतून निघून व्यारा-सोनगडाजवळ गायकवाडांच्या पिवळ्यात शिरते आणि खानदेशात पुन्हा गुलाबीत येते. तिथे नुसते ‘खानदेश’ लिहिलेले असेल तर मजकूर 1906 पूर्वीचा, ‘पश्चिम खानदेश’ असेल तर नंतरचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याची विभागणी झाली. बी.बी. अँड सी.आय. हे नाव 5 नोव्हेंबर 1951 रोजी पश्चिम रेल्वे झाल्यावर गेले. 1 मे 1960 नंतरच्या नकाशात नवी राज्यसीमा थेट नवापूर स्टेशनातून जाते. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. स्टेशन तेच, रूळ तेच, आणि दोन नकाशांमध्ये मुलूख मात्र वेगळा.

संग्रहातला पहिला नकाशा चौक बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे वह्यांच्या गठ्ठ्यात मिळाला. कव्हर नव्हते, साल नव्हते, घड्यांच्या चौकात बोट जाईल एवढी भोके. भडोच ‘ब्रोच’ होते, वलसाड ‘बलसार’, धुळे ‘धुलिया’. कोपऱ्यातल्या चौकटीत मुंबई शहर वेगळे काढलेले होते, आणि उत्तर त्या चौकटीत होते. दक्षिण टोकाला कुलाबा स्टेशन, आणि मुंबई सेंट्रलचा पत्ता नाही. मुंबई सेंट्रल 18 डिसेंबर 1930 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कुलाबा बंद झाले. जिल्ह्याचे नाव ‘पश्चिम खानदेश’. म्हणजे नकाशा 1906 ते 1930 यांमधला. दोंडाईच्यावर कोणीतरी पेन्सिलीने बारीक फुली केली होती. ती कोणाची, हे कळायला मार्ग नाही. पण नकाशे जमवण्याची सुरुवात त्या फुलीपासून झाली.

मुंबईची ही छोटी चौकट शहरी रेल्वे-नकाशाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. तिच्यात अंतरे खरी असतात, वळणे खरी असतात, समुद्रही खरा असतो. लंडनमध्ये 1933 साली हॅरी बेकचा नकाशा छापला गेला आणि भुयारी रेल्वे सरळ, आडव्या नि तिरक्या रेघांत बसली. प्रवाशाला मापापेक्षा क्रम हवा असतो, ही त्याची दृष्टी पुढे जगभर पसरली. तो नकाशा वाचायला सोपा आहेच. पण गाव नदीच्या कोणत्या काठावर आहे हे सांगणारा जुना नकाशा लेखकाला अधिक मोलाचा वाटतो.

ऑगस्ट 2006 मध्ये तापीचा पूर शहरभर पसरला तेव्हा संग्रह अडाजणच्या तळमजल्यावर, खाटेखालच्या पेटीत होता. पाणी ओसरायला दिवस लागले आणि पेटी गाळासकट उघडली. त्या एका पेटीने कागदाबद्दल जे शिकवले ते पुस्तकातून कळले नसते. शिळाछापाची काळी शाई जशीच्या तशी राहिली. हाताने भरलेला गुलाबी आणि पिवळा रंग एकमेकांत उतरला. फाउंटन पेनच्या नोंदी निळे डाग झाल्या. गुळगुळीत आर्ट पेपरवरचे नकाशे वाळताना एकमेकांना चिकटून वीट झाले, ते कायमचे गेले. कापडावर चिकटवलेल्या नकाशांची खळ विरघळून तुकडे सुटे झाले, पण कापडामुळे त्यांचा क्रम हरवला नाही. ते टीपकागदात घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवले आणि पुढे गव्हाच्या खळीने पुन्हा चिकटवले. घाईने सोललेले दोन नकाशे मात्र लेखकाच्या हातूनच फाटले. कुलाब्याचा नकाशा वाचला. पेन्सिलीला पाण्याने काही होत नाही. दोंडाईच्याची फुली आजही स्पष्ट दिसते.

आता संग्रह दुसऱ्या मजल्यावर आहे. नकाशे घडी न घालता, आम्लविरहित कागदात सपाट ठेवलेले असतात आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहिले जातात. सर्वात नवी भर सुरत मेट्रोच्या दोन मार्गांच्या नकाशाची आहे: सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली, मिळून 40.35 किलोमीटर. पायाभरणी जानेवारी 2021 मध्ये झाली. तो सरळ रेघांचा आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.