तात्यांचा कारभार

आमचे तात्या डॅशहुंड होते. तांबूस, लांबलचक आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. चाल मात्र निवृत्त मामलेदाराची, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. मग त्यांना अरेतुरे करायची कुणाची छाती झाली नाही. "अहो तात्या, उठा, केर काढायचाय," आई म्हणायची. तात्या शेपटीचं टोक हलवून पोच द्यायचे, उठायचे नाहीत.

ही जातच हट्टी. जर्मन शिकाऱ्यांनी ती बॅजरच्या बिळात शिरण्यासाठी तयार केली. आत अंधार, समोर दात विचकणारा बॅजर आणि मालक वर उजेडात. तिथे हुकूम कोण देणार? पुढे जायचं की नुसतं भुंकायचं, हे कुत्र्यानंच ठरवायचं. सांगलीत बॅजर नव्हते, पण तात्यांनी तो अधिकार काही सोडला नव्हता.

आमची चिमुरडी चिऊ दोन वर्षांची झाली आणि घरात दुसरी गादी स्थापन झाली. 'नाय' आणि 'माजं' या दोन शब्दांवर तिचा कारभार चाले.

तात्यांची पाठ लांब आणि पाय आखूड असल्यानं सोफ्यावरून उड्या मारल्या तर मणक्यातली चकती सरकू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून सुताराकडून उतरती फळी करून घेतली. तात्यांनी ती हुंगली आणि शेजारून उडी मारली. चिऊला मात्र आयती घसरगुंडी मिळाली. ती वर जाऊन बसली रे बसली, की तात्यांना नेमकी तीच फळी हवीशी व्हायची. एक वरून, एक खालून, मधोमध नाकाला नाक. आई सोडवायला गेली की दोघं मिळून तिच्यावर भुंकायची. पण त्या भांडणापायी तात्या फळी वापरू लागले.

बेदाण्यांचं प्रकरण गंभीर होतं. द्राक्षं काय, बेदाणे काय, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही, म्हणून एकही द्यायचा नाही. आणि चिऊला तर 'वाटून खावं' हे आम्हीच शिकवलेलं. डबा वरच्या फडताळात गेला. चिऊ खाली फतकल मारून बसली, तात्या तिच्या मांडीवर हनुवटी टेकून. असे सत्याग्रह रोज होऊ लागले, तेव्हा डबा शेजारच्या काकूंकडे गेला. शिरा करायचा झाला की आई वाटी घेऊन त्यांच्या दारात.

तात्यांना 'बसा' म्हटलेलं कधीच ऐकू येत नसे. चिऊनं त्यावर तोड काढली. तात्या आपणहून बूड टेकेपर्यंत ती थांबायची, मग बोट नाचवून ओरडायची, "बश!" आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघायची.

पुढे मीही तेच धोरण धरलं. पाहुण्यांसमोर तात्या सोफ्यावर घोरायला लागले की मी करड्या आवाजात म्हणायचो, "तात्या, झोपा!"

त्यांनी हा हुकूम कधी मोडला नाही.