सदाफुलीचे दोन रकाने

भिलाईच्या कॅम्प-१ मधील आमच्या बिऱ्हाडापुढे हातभर अंगण आहे आणि त्यात कोणीही न लावलेली सदाफुली आहे. पोलादाच्या कारखान्यासाठी नाना प्रांतांतून आलेल्या लोकांची ही वस्ती. त्यामुळे एकाच झुडपाला येथे तीन नावे. आमची सदाफुली, समोरच्यांची सदाबहार, शेजारच्या तेलुगू घराची बिळ्ळ गन्नेरु. ती ऐन मे महिन्यातही फुलते. म्हणूनच की काय, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

गेल्या वर्षी त्या तेलुगू घरातील नऊ वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. दर आठवड्यास त्याला रायपूरला नेऊन शिरेतून इंजेक्शन देत. वडिलांची पाळी असली म्हणजे सोबतीला आम्ही जात असू. एकदा औषधाच्या खोक्यातील पत्रक आमच्या हाती आले, आणि कारकुनाला छापील कागद वाचल्यावाचून ठेववत नाही. औषधाचे नाव व्हिन्क्रिस्टीन. उपयोगाचा मजकूर चार ओळींचा, दुष्परिणामांचा पानभर. हे शिरेतूनच द्यावे, मणक्यातून दिल्यास प्राणघातक, अशी ठळक ताकीदही होती. अशा मुलांना दुसरे एक औषध मणक्यातून द्यावे लागते. दोहोंची अदलाबदल होऊन रुग्ण दगावले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली इशारा काढला होता.

अधिक वाचता कळले की, हे औषध सदाफुलीतूनच निघाले. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. तेथून १९५२ साली कॅनडात पाने गेली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ती तपासली, तेव्हा उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हाती आले. त्याच झाडातले व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आले.

हे सारे त्याच संध्याकाळी आम्ही शेजारी मोठ्या ऐटीत सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो झुडूप निम्मे ओरबाडलेले, आणि मुलाची आजी पाट्यावर पाने वाटते आहे!

"अम्मम्मा, हे देऊ नका. हे विष आहे."

"काल तुम्हीच औषध म्हणालात ना, बाबूजी?"

म्हणालो होतो. शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते, ते शुद्ध करून मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात, पानांत इतरही विषारी द्रव्ये असतात, हे सांगायचे मात्र राहून गेले होते. आम्ही वाटी उचलून मोरीत ओतली. म्हातारी चार दिवस आमच्याशी बोलली नाही.

पुढे महिन्याभरात मुलाला सदऱ्याची गुंडी लागेना. पेन्सिल बोटांतून गळे, पाऊल फरफटे, पोट आठ-आठ दिवस साफ होत नसे. आजीने आम्हांला गाठून विचारले, "माझी पाने विष, मग हे काय?"

तो प्रश्न आम्ही डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, पेशी दुभंगताना आत बारीक धागे ताणते. हे औषध ते धागे जुळू देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी अर्ध्यावरच थांबते व मरते. पण तसल्याच धाग्यांवरून मज्जातंतूंत टोकापर्यंत रसद पोहोचते. जितका तंतू लांब, तितकी टंचाई आधी. म्हणून पायांची व हातांची बोटे प्रथम बधिरतात. उपयोग आणि दुष्परिणाम हे दोन रकाने आम्ही पाडलेले. औषध एकच काम करते. त्यांनी मात्रा कमी केली, आणि संवेदना पुष्कळशी परत येते, पण सावकाश, असेही सांगितले.

या वेळी आम्ही काही न गाळता सारे आजीला सांगितले; हिंदी अपुरी पडली तेथे मुलाच्या आईने तेलुगूत सांगितले. ती बराच वेळ नातवाची बोटे चोळत बसली.

उपचार अजून चालू आहेत. मुलगा आता खालच्या गुंड्या स्वतः लावतो. गळ्याजवळची आजी लावते. झुडूप पुन्हा भरले आहे. त्याविषयी कोणी विचारले, तर आम्ही आधी त्याला बसावयास सांगतो.