गिरगावातील नागपुरी संत्रे

आमच्या वहिनींचे माहेर नागपूरचे. गिरगावातील चाळीत येऊन त्यांस पन्नास वर्षे झाली, तरी संत्र्याचा विषय निघाला की त्या अद्याप 'आमच्याकडे' असेच म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी माहेराहून जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले एक कलम आणून गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत लाविले. पाने हिरवीगार; फूल मात्र एकही नाही. गेल्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या धाकट्या चिरंजिवाने विलायतेहून आपल्या तापविलेल्या काचघरातील लिंबांचे छायाचित्र धाडिले. वहिनी खिन्न झाल्या. "भाऊजी, तिथल्या बर्फात फळ धरते, मग इथेच का नाही?"

कोणा जाणत्या माळ्यास विचारावे म्हणून आम्ही त्यांस घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. हे उद्यान १८६२ सालचे. आता ते वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने आहे. जुन्या वृक्षांच्या छायेतून काचेच्या एका दालनापाशी पोचलो, तो आत पेंग्विन! २०१७ पासून त्यांच्यासाठी येथे यंत्राने थंडी राखिली जाते. तेथे काचेआड ऊब कोंडावयाची, येथे काचेआड थंडी. वहिनींस मोठे हसू आले.

पण उत्तर त्या हसण्यातच होते. थंड देशांत या झाडास भय हिमाचे. लंडनजवळ क्यू येथे १७६१ मध्ये नारिंगांसाठी वाडा बांधिला, फरशीखालून ऊब देण्याची सोय केली. परंतु आत प्रकाशच अपुरा, तेव्हा १८४१ मध्ये झाडे हलवावी लागली. आपल्याकडे अडचण निराळी. संत्र्यास बहर येण्यापूर्वी विसावा लागतो. तो थंडीने मिळतो, नाहीतर तहानेने. नागपूरकडील बागाईतदार आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडास ताण देतात, तो याचसाठी. मुंबईत थंडी बेताची, आणि वहिनींचा तांब्या रोज प्रातःकाळी हजर! माळी म्हणाला, "आजी, लाड कमी करा." अतिलाडाने मुलगा बिघडतो हे आम्ही शाळेत जन्मभर सांगत आलो, कुंडीकडे पाहून ते कधी सुचले नाही.

पौषात पाणी बंद केले. कुंडीतली माती थोडी, तेव्हा आठवड्यातच पाने मलूल झाली. वहिनींच्याने पाहवेना. एके रात्री तांब्या घेऊन निघालेल्या त्यांस आम्ही दारातच अडविले. त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. नंतर बेताने पाणी सुरू केले आणि माघात सारी गॅलरी फुलांच्या वासाने भरून गेली. बहुतेक फुले गळाली. दोन फळे टिकली.

यंदा कार्तिक सरला तरी ती हिरवीच. नातवंडांनी 'कच्ची' म्हणून नाके मुरडली. परंतु सालीवरचा केशरी रंग गार रात्रींचा असतो, आणि तशा रात्री गिरगावात कोठल्या? एक फळ कापिले. आत गडद केशरी फोडी, रस भरपूर, थोडा आंबट. वहिनींनी एक फोड तोंडात घातली आणि पदर डोळ्यांस लाविला.

दुसरे फळ त्या कोणास तोडू देत नाहीत. चिरंजीव पौषात येणार आहेत.