एर्फूदची खरेदी : कोट्यवधी वर्षं जुना माल!

होलसेल खरेदी म्हटलं की आपल्याला आठवतं क्रॉफर्ड मार्केट, नाहीतर पुण्याची रविवार पेठ. पण दुकानात चक्क जीवाश्म मांडायचे असतील तर? मग गाठायचं मोरोक्कोतलं एर्फूद. सहाराच्या काठावरचं, खजुराच्या बागांचं हे गाव. मर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या बघायला निघालेले टूरिस्ट इथे चहापुरते थांबतात. जगभरचे फॉसिल-दुकानदार मात्र मुक्काम ठोकतात.

सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डेव्होनियन काळात, इथे समुद्र होता. त्याच्या तळाची काळी चुनखडी आज इथल्या कारखान्यांत कापली, घासली, चमकवली जाते. त्यातून टेबलटॉप निघतात, वॉश बेसिनही! काळ्या दगडातले पांढरे, निमुळते आकार म्हणजे ऑर्थोसेरास, आपल्या माकुळाचा दूरचा नातेवाईक. वेटोळा दिसतो तो गोनियाटाइट. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, तोही याच गोतावळ्यातला.

दुकानासाठी माल निवडायचा तर साधा फंडा आहे. काउंटरजवळ ठेवायला तळहातात मावणारे पॉलिश केलेले गोनियाटाइट घ्या. स्वस्त, टिकाऊ आणि लहान मुलांना हमखास आवडणारे. गिफ्टसाठी ऑर्थोसेरासचे बुकएण्ड. आणि काचेच्या कपाटासाठी एक-दोन झकास ट्रायलोबाइट. लोक बघायला थांबतात ते त्यांच्यासाठीच.

खरी परीक्षा इथेच असते, कारण ट्रायलोबाइट खोटेही बनतात. रेझिनचा साचा काढून वर रंग दिला की झालं काम! म्हणून भिंग जवळ हवंच. पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे दिसले, किंवा दोन नग अगदी एकसारखे निघाले, की पुढच्या दुकानात चला. गंमत म्हणजे, दगडातून आणि ट्रायलोबाइटमधून आरपार गेलेली, चिकटवलेली भेग हे बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं. कारण दगड फोडल्यावरच तो आत असल्याचं कळतं. मग तुकडे जोडून बारीक हत्यारांनी त्याला मोकळं करतात. एका चांगल्या नगामागे कित्येक तासांची मेहनत असते. त्यामुळे ‘एकदम सस्ता’ ट्रायलोबाइट दिसला की सावध व्हा.

मोठ्या तबकड्यांवरही डोळा ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणचे ऑर्थोसेरास एकत्र चिकटवून ‘एकाच शिळेत सापडले’ असं सांगितलं जातं. मोसासॉरचा जबडाही तसाच. दात बहुधा खरे, खुरीबगाच्या फॉस्फेट खाणींतले. पण ते वाळू आणि गोंदाच्या ‘दगडात’ बसवलेले. शोभेची वस्तू म्हणून असा माल जरूर विका, फक्त तसं लेबलवर लिहा. नगाचं नाव, वय, सापडल्याचं ठिकाण आणि केलेली दुरुस्ती, हे सगळं खरेदी करतानाच विचारून वहीत टिपून घ्या. ठिकाणाची नोंद एकदा हरवली की अभ्यासकाच्या दृष्टीने तो नग जवळजवळ मुका होतो. आणि गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर रेझिन सापडलं, तर दुकानातल्या खऱ्या मालावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. निर्यातीच्या परवानगीचे कागदही तिथेच पक्के करा.

जायचं तर ऑक्टोबरच्या सुमारास. ऊन जरा उतरलेलं असतं, खजुराचा हंगाम असतो. आणि हो, घासाघीस करण्याआधी पुदिन्याचा चहा घ्याच!