विजयदुर्ग, हेलियम आणि माझ्या दोन चुका

देवगड तालुक्यात विज्ञान शिकवत असताना दर 18 ऑगस्टला मी मुलांना छातीठोकपणे सांगायचो, ‘हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथल्या साहेबाचे ओटे म्हणतात त्या चौथऱ्यांवर दुर्बीण लावली आणि त्याला सूर्यात नवं मूलद्रव्य सापडलं.’ मुलांना अभिमान वाटायचा, मलाही वाटायचा. ही माहिती कुठल्या नोंदीत आहे, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

एका वर्षी आठवीतल्या मुलीने विचारलं, “सर, ऑगस्टात आपल्याकडे सूर्य कुठे दिसतो?” बाहेर पाऊस कोसळत होता. मी तिला काहीतरी सांगून गप्प केलं, ते आजही मनाला लागून आहे.

पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची निरीक्षणं जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण इथे झाली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा हिंदुस्थानात नव्हताच. 20 ऑक्टोबर 1868 ला, ग्रहण नसताना, त्याने लंडनमध्ये नव्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरची पिवळी रेषा पाहिली.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. एका कार्यक्रमात जाहीरपणे सांगून टाकलं की लॉकियर विजयदुर्गला कधी आलाच नाही, ओट्यांची गोष्ट म्हणजे निव्वळ थाप. गावातले एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, “गुरुजी, आमच्या पणज्यान त्या सायबाचा सामान व्हयलेला. तो इल्लोच नाय असा कसा म्हणतास?” ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, असं सांगून मी त्यांना खाली बसवलं.

पुढे 1898 च्या ग्रहणाचे वृत्तांत हाती आले. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आला होता. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. म्हणजे साहेब आल्याची गावाची आठवण खरी होती, पुढच्या लोकांनी तिला तारीख तेवढी चुकीची जोडली होती. मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागितली.

दोन्ही वेळा माझं एकच चुकलं. ‘सिद्ध झालेली गोष्ट’ सगळ्या विषयांत एकाच पद्धतीने सिद्ध होते, असं मी धरून चाललो होतो. हेलियमचंच पाहा. वर्गात ज्योतीत मिठाचा खडा धरला की ती पिवळी होते. चांगल्या वर्णपटदर्शकातून पाहिलं तर तिथे सोडियमच्या दोन रेषा दिसतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या. सूर्याची रेषा होती 587.6 वर. फरक एवढासाच, पण पुन्हा पुन्हा मोजला तरी तोच येणारा. लॉकियरला तेवढ्यावर नवं मूलद्रव्य मानता आलं. रसायनशास्त्रज्ञांना ते पुरेसं वाटलं नाही. वेगळ्या अवस्थेतला हायड्रोजनही असू शकेल, ही शंका होतीच. 1895 मध्ये रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने क्लेव्हाइट या खनिजातून हेलियम वायू प्रत्यक्ष मिळवला, तेव्हा त्यांची खात्री पटली. ते हटवादी नव्हते. पदार्थ हातात यायला हवा, ही त्यांच्या शास्त्राची रीतच होती.

इतिहासाला मात्र ना तरंगलांबी उपयोगी पडते, ना वायू. कोण, कोणत्या दिवशी, कुठे होता आणि हे त्या काळच्या कोणी लिहून ठेवलं, हे त्याला लागतं. घराण्यात चालत आलेली आठवणही तिथे साक्ष असते. तिची उलटतपासणी करायची असते, तिला हाकलायचं नसतं. मी आधी इतिहासाचं विधान विज्ञानाच्या पुस्तकातल्या वाक्यासारखं बिनदिक्कत सांगितलं, आणि नंतर प्रयोगशाळेची कसोटी लावून एका म्हाताऱ्या माणसाची साक्ष फेटाळली.

आता मी मुलांसमोर फळ्यावर तीन वर्षं लिहितो: 1868, 1895, 1898. प्रत्येकासमोर पुरावा कसला, तो कोणी दिला आणि कोणाला पटला, हे त्यांच्याकडूनच काढून घेतो. साहेबाचे ओटे 1898 चेच आहेत, असंही मी ठामपणे म्हणत नाही. ते बांधकाम तपासणाऱ्या जाणकाराने ठरवायचं. विजयदुर्गचा अभिमान मला आजही तेवढाच आहे. एका मोठ्या शास्त्रज्ञाने सूर्य पाहायला आपला किल्ला निवडला, हे खरं आहे आणि अभिमानाला तेवढं भरपूर आहे.