फ्लॅश नव्हता, दिवा होता

गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज होता, वीकेंडला ऑफिस होतं वगैरे कारणं आहेतच, पण ती खरी नाहीत. एका फोटोबद्दल लिहायचं होतं आणि लिहायला बसलं की नेमका दुसराच विषय सुचायचा. आज लिहूनच टाकतो.

फोटो असा आहे: ओली वाळू, तिच्यावर कासवाचं एक पिल्लू, थेट कॅमेऱ्याकडे बघणारं. दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. मागे सगळं अंधारलेलं. मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त कौतुक याचं झालं. ज्याने पाहिला त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "लेन्स कुठली रे?"

तर आधी लेन्सबद्दलच बोलू.

आमचा तिघांचा एक ग्रुप आहे. एक कॅननवाला, एक निकॉनवाला आणि मी. तिघेही इंजिनिअर, त्यामुळे फोटो काढण्यापेक्षा कशाने काढावा यावर चर्चा जास्त. भिगवणला फ्लेमिंगो झाले, कासला फुलं झाली, सिंहगडावर पहाटेचं धुकं झालं. मार्चमध्ये कुठे जायचं यावर खल चालू असताना मी कॉलर ताठ करून म्हणालो, "आमच्या गावाला चला. कासवं दाखवतो."

आमचं गाव मंडणगड. म्हणजे गाव तालुक्यातलं एक छोटं, पण पुण्यात त्याचं नाव सांगून काही उपयोग नसतो आणि मंडणगड सांगूनही फारसा नसतो. "दापोलीच्या जवळ का?" असं विचारतात. मग आंबडवे सांगायचं, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. नाही तर वेळास सांगायचं, नाना फडणवीसांचं. बाबा मुंबईत नोकरीला, आम्ही टिपिकल चाकरमानी. मे महिना आणि गणपती एवढंच गाव. आणि खरं सांगायचं तर वेळासची कासवं मी स्वतः तोपर्यंत एकदाही पाहिली नव्हती. हे त्या दोघांना सांगितलं नाही.

ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड, देव्हारे असं करत आम्ही वेळासला पोचलो. थोडी पार्श्वभूमी, माहीत असलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पूर्वी कोकणात ही अंडी सर्रास काढून नेत. राहिलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि वर टोपली पालथी घालायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं, आली असतील तर समुद्राकडे सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक येऊ लागले, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ठेवलं होतं प्रथमा.

आता गणित. पिल्लू असतं जेमतेम चार सेंटीमीटरचं. लोकांना दोरीच्या मागे उभं करतात, म्हणजे पिल्लू तुमच्यापासून किमान दोनेक मीटर तरी लांब. आमच्यासारख्या क्रॉप सेन्सरवाल्यांना पन्नास मिमीच्या लेन्समधून दोन मीटरवर सुमारे ९४ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्यात चार सेंटीमीटरचं पिल्लू म्हणजे ठिपका. ७०-३०० ची झूम ३०० ला लावली तर तोच पट्टा १६ सेंटीमीटरवर येतो आणि पिल्लू पाव फ्रेम भरतं. पण झूम त्या टोकाला एफ ५.६ च्या वर उघडत नाही, आणि पन्नासची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. फरक जवळजवळ दहापट उजेडाचा. थोडक्यात, उजेड हवा तर पिल्लू लहान, पिल्लू मोठं हवं तर अंधार. दोन्ही पाहिजे असेल तर लाखांत किंमत असलेली लेन्स घ्या, किंवा...

किंवा दिवा घ्या. मी दिवा घेतला होता. हातात मावेल एवढा एलईडी पॅनल, चार्जिंगचा. खोक्यावर लिहिलं होतं "५६०० केल्विन, डेलाइट".

त्या दिवशी संध्याकाळच्या वेळेला टोपलीखाली काहीच नव्हतं. गर्दी पांगली. आम्ही तिघं आणि अजून दहा-बारा लोक सूर्यास्ताचे फोटो काढत रेंगाळलो, आणि सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी कुंपणातून हाक आली. पिल्लं वर आली होती. एकूण सतरा.

सोडायच्या आधी तिथल्या कार्यकर्त्या मुलाने नेहमीच्या सूचना दिल्या. दोरीच्या आत यायचं नाही. पिल्लांच्या वाटेत उभं राहायचं नाही. फ्लॅश मारायचा नाही.

मी वाळूत पालथा पडलो. ३०० मिमी, एफ ५.६, आयएसओ १२८०० आणि तरीही फ्रेम काळी. सोळा पिल्लं पाण्यात गेली, मला एकही धड मिळालं नाही. शेवटचं एक मागे राहिलं होतं, दमत, थांबत चाललेलं. आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. रिक्वायरमेंटमध्ये काय लिहिलंय? फ्लॅश मारायचा नाही. दिवा म्हणजे फ्लॅश नव्हे. फ्लॅश झपकन डोळ्यांवर जातो, दिवा आपला शांत, मंद. क्लायंटने स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नाही ते करायला आपण मोकळे. चाळीस टक्क्यांवर ठेवून पॅनल कॅमेऱ्याशेजारी वाळूत टेकवला.

पिल्लू थांबलं. मग वळलं. आणि सरळ माझ्याकडे यायला लागलं.

काय सांगू तुम्हाला! इवलेसे पाय वल्ह्यांसारखे मारत, मान वर करून, लेन्सकडे बघत. मी बर्स्टवर बोट दाबून धरलं. तेवढ्यात बाजूला कुणीतरी उकिडवं बसलं. तो मघाचाच मुलगा.

"दादा, ते तुमच्याकडं येतंय."

"हो ना!" मी अक्षरशः आनंदाने म्हणालो. डोळा व्ह्यूफाइंडरलाच.

"समुद्र तिकडं आहे."

तो ओरडला नाही. त्याने फक्त दिव्यावर तळहात ठेवला. माझ्या हातांना तो बंद करायचं सुचायला बहुतेक दोन-तीन सेकंद लागले. मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मला वाटलं तो पिल्लू उचलून पाण्यापाशी नेऊन ठेवेल. त्याने उचललं नाही. पिल्लू अंधारात थोडा वेळ घुटमळलं, अर्धं वळलं, परत थांबलं. दीड मिनिट असेल. मला सर्व्हर बंद पडलेला असतानासुद्धा दीड मिनिट एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. शेवटी ते वळलं आणि पाण्याकडे गेलं.

रात्री आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओटीवर तो आला. आमचं कुळथाचं पिठलं-भात चालू होतं. रागावला नव्हताच, उलट सगळं नीट समजावलं. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला समुद्र कुठे आहे ते ठाऊक नसतं. एका बाजूला झाडं, टेकडी, म्हणजे काळोख. दुसऱ्या बाजूला पाण्यावर पडलेला आकाशाचा उजेड. जिकडे क्षितिजाजवळ उजळ, तिकडे जायचं, एवढा एकच नियम. फ्लॅश क्षणभर दिपवतो म्हणून तो नकोच. पण सतत जळणारा दिवा त्याहून वाईट, कारण तो खोटा समुद्र दाखवतो. त्यातही निळसर-पांढरा जास्त ओढतो, लाल त्या मानाने कमी. माझा डेलाइट म्हणजे नेमका नको तो. पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा उरलेला असतो, त्यावर पहिले काही दिवस पोहायचं असतं. वाळूत उलटं चालण्यात तोच खर्च होतो. हजारात एखादं मोठं होतं म्हणतात.

"मग उचलून का नाही नेलंस?" कॅननवाल्याने विचारलं.

"चालायला लागतंच त्यांना. मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला याच भागात परत येते. हा किनारा तिच्या अंगात उतरायला पाहिजे ना."

माझ्या आजीचं घर तिथून तासाभरावर. आणि हे मला पुण्याहून येऊन, दिवा लावल्यावर कळत होतं.

सकाळी परत गेलो. दिवा बॅगेच्या तळाशी. वेळासचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, मागे डोंगर, त्यामुळे सूर्य उगवला तरी वाळूवर ऊन पोचत नाही. तासभर मऊ, सावलीतला उजेड मिळतो. झूम काढून पन्नासची लेन्स लावली (खोलीवर लावा, किनाऱ्यावर नाही, वाळू आत गेली की संपलं). पाच पिल्लं होती. पिल्लू मोठं दिसायचा हट्ट सोडला. एफ ५.६, १/२५०, आयएसओ ४००. फोटोत खाली वाळूवर पाऊलखुणांची एक वेडीवाकडी बारीक नक्षी, तिच्या टोकाला एक काळा ठिपका, आणि वरचा सगळा समुद्र. नंतर लक्षात आलं, एफ ५.६ म्हणजे हा फोटो किट लेन्सनेही निघाला असता :-)

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी ऑफिसात कॅलेंडरसाठी फोटो मागवले होते, आणि सगळं माहीत असूनही मी पाठवला तो आदल्या संध्याकाळचाच. डोळ्यांत ठिपकेवाला. मनाशी म्हटलं, पिल्लू तर गेलं समुद्रात, आता फोटोने कुणाचं काय बिघडतंय? फोटो निवडला गेला. मार्चचं पान. एचआरने मथळाही दिला, "हॅलो वर्ल्ड". टाळ्या, पाठीवर थापा, लेन्स कुठली, लेन्स कुठली.

आणि मग टेस्टिंगमधल्या एका मुलीचा मेसेज आला. "आम्ही पुढच्या शनिवारी वेळासला चाललोय. इतक्या अंधारात असा फोटो कसा मिळाला? लाइट कुठला वापरलास?"

मी टाइप केलं: "एलईडी पॅनल, चाळीस टक्के, डावीकडून." पाठवायच्या आधी स्वतःच वाचलं. फोटोने कुणाचं काय बिघडतंय याचं उत्तर समोर स्क्रीनवर होतं. तो फोटो बघून पन्नास जण तसाच काढायला जाणार. मीही असेच कुणाचे तरी फोटो बघून शिकलोय, आणि त्यांच्या चौकटीबाहेर काय चाललं होतं हे मला कधीच कुणी सांगितलं नाही.

ओळ खोडली, तिला सगळं खरं लिहिलं, आणि एचआरला फोटो मागे घेत असल्याची मेल टाकली. बदली म्हणून सकाळचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान आहे, पण सब्जेक्ट फार लहान दिसतोय." मार्चच्या पानावर आता कुणाचा तरी पँगाँग लेक येणार आहे.

जाणार असाल तर जरूर जा; पिल्लांचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. कॅमेऱ्यातला फोकससाठी लागणारा छोटा दिवा मेनूत जाऊन बंद करा, फ्लॅश बंद केला की तो आपोआप बंद होत नाही. मागच्या स्क्रीनचा उजेड कमी करा, मोबाइलचा टॉर्च खिशात. काळं पिल्लू आणि चकाकती वाळू यात मीटर फसतो, पाऊण-एक स्टॉप वाढवून ठेवा. परत आल्यावर बॅगेत सिलिका जेल, नाहीतर खाऱ्या दमट हवेने लेन्सला बुरशी धरते. आणि काळोख झाला असेल तर कॅमेरा खाली ठेवा. त्या पिल्लाचा काळोखातच सगळ्यात जास्त फायदा आहे.

परवा बाबांना सकाळचा फोटो मोबाइलवर दाखवला. आमच्या लहानपणी त्यांच्याकडे कोडॅकचा केबी-टेन होता, छत्तीस फोटोंचा रोल दोन मे महिने पुरायचा. त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ नेला.

"यात कासव कुठाय?"

"शोधा."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, खुणांच्या नक्षीवरून हळूहळू वर सरकत गेले आणि ठिपक्यापाशी थांबले.

"हां," म्हणाले, "बरोबर निघालंय."

लेन्स कुठली ते त्यांनी विचारलं नाही.