गार हवेचा हिशेब

उन्हाळ्यातल्या सफरीत घामाने जीव नकोसा होतो, असं सगळेच म्हणतात. आमच्या घरात अडचण उलटी आहे. आमच्या धाकट्या भावाला घामच येत नाही. बारा वर्षांपूर्वी आंबे उतरवताना तो झाडावरून पडला, मानेचा मणका दुखावला आणि छातीखालचं अंग निकामी झालं. अशा इजेनंतर मेंदूचा निरोप खाली पोहोचत नाही. त्यामुळे घाम फुटत नाही आणि अंग निवत नाही. उन्हात थोडा वेळ राहिला तरी त्याच्या अंगातली उष्णता वाढत जाते. म्हणून मार्च ते जून तो रत्नागिरीतल्या घराबाहेर पडत नसे.

यंदा बहिणीच्या मुलीचा निकाह मे महिन्यात लातूरला ठरला. "मामू आल्याशिवाय मी कबूल म्हणणार नाही," असं भाची फोनवर हसत म्हणाली. तिच्या हसण्यामागचं आम्हाला कळलं.

भाईजानकडे एक जुनी मिनीबस होती. मागच्या सीटा काढून तिथे पलंग बसवायचं ठरलं. नोंदणीत फरक पडेल असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, म्हणून आधी ते कागद केले. गाडी चालू असताना तिचा एसी चालतो, पण भावाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, वाटेत मुक्काम करावा लागतो. रात्रभर इंजिन चालू ठेवायचं तर डिझेल जातं आणि धूरही होतो. म्हणून उभ्या गाडीत चालेल असा घरगुती स्प्लिट एसी हवा होता. प्रश्न होता त्याला वीज कुठून द्यायची.

एका दुकानदाराने सांगितलं, "दीड टनाचा एसी आणि घरच्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या लावा, सहा तास बघायला नको." आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिथेच पावतीच्या मागे हिशेब मांडला. 1000 वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. दोन मिळून 3.6. पण ही अ‍ॅसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं तर लवकर खराब होते, म्हणजे हाताशी 1.8 युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात ताशी दीड युनिटच्या आसपास घेतो. सहा तास सोडा, सव्वा तासात काम संपलं असतं. शिवाय चार्ज होताना अ‍ॅसिडच्या बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. माणूस झोपतो तिथे बंदिस्त जागेत ती ठेवणं बरं नाही.

कुणी छोटा जनरेटर सुचवला. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आमचा भाऊ स्वतः उठून दार उघडू शकत नाही.

मग आम्ही प्रश्नच फिरवला. एसी केवढा घ्यायचा हे नंतर पाहू, आधी गाडीत ऊन कमी कसं शिरेल ते बघू. टपाला पांढरा रंग दिला. पत्रा आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये फोम भरला. काचांना जाड पडदे लावले. पलंगाचा भाग पार्टिशनने वेगळा केला. आता गार करायची जागा एका छोट्या कोठडीएवढी उरली. तिला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरे झाला. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम कितीतरी जास्त करंट ओढतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो आणि जागा गार झाली की मंद चालतो. अंगणात गाडी उभी करून, भावाला आत झोपवून, एसी 26 वर ठेवून मीटर लावला. पहिल्या तासात 0.8 युनिट, नंतर ताशी 0.35 च्या आसपास. आठ तासांत सव्वातीन युनिट.

त्या आकड्यावरून बॅटरी ठरली. लिथियम आयर्न फॉस्फेटची, 48 व्होल्टची, 100 अँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे 5 युनिटची. त्यातली 4 युनिट निर्धास्त वापरता येतात. 48 व्होल्ट एवढ्यासाठी की 1000 वॅटला 12 व्होल्टवर 80 हून जास्त अँपिअर लागतात आणि 48 वर 21. करंट कमी तर वायर कमी तापते. बॅटरीजवळच फ्यूज बसवला. बाहेरचं युनिट मागच्या बाजूला लोखंडी फ्रेमवर रबराच्या गाद्या ठेवून बसवलं. रस्त्याच्या धक्क्यांनी तांब्याच्या नळीचे नट सैल होतात, म्हणून निघण्याआधी वायरमनने ते पुन्हा तपासले. टपावर दोन सोलर पॅनल, मिळून एक किलोवॅटचे. आडवे असल्याने आणि धुळीमुळे दिवसाला साडेतीन युनिट धरले.

एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी विचारलं, "एका लग्नासाठी एवढा खर्च? हा इसराफ नाही का?" अम्मी शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या व्हीलचेअरला तुम्ही इसराफ म्हणता का?" आम्हालाही वाटतं, गरजेची वस्तू घेणं म्हणजे उधळपट्टी नव्हे. रिकाम्या सीटांसह सगळी बस गार करणं, ही उधळपट्टी झाली असती. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, ही शिकवण बॅटरीतल्या पाच युनिटांनाही लागू पडते.

आंबा घाट, कोल्हापूर करत पहिला मुक्काम सोलापुरात नातेवाइकांच्या दारात केला. त्यांनी जेवणाआधी खिडकीतून 15 अँपिअरच्या प्लगची केबल बाहेर सोडली. आता मेहमाननवाजीत तीही आली! रात्री दीडच्या सुमारास सगळ्या गल्लीची वीज गेली. गाडीतला एसी बॅटरीवर गेला आणि भावाची झोपही मोडली नाही. तरी बर्फाची पेटी आणि ओले टॉवेल आम्ही जवळ ठेवले होते. यंत्रावर सगळा भार टाकू नये. फजरला उठलो तेव्हा वीज आलेली नव्हती आणि बॅटरीत 74 टक्के शिल्लक होते.

लातूरला निकाहच्या वेळी भाऊ अर्धा तास मंडपात कूलरसमोर बसला, भाचीच्या डोक्यावर दुआचा हात ठेवला आणि ताप चढायच्या आत गाडीत परतला. जेवण त्याने गाडीतच घेतलं. पोरंटोरंही आळीपाळीने त्याच्याजवळ येऊन बसली.

आपल्या ओळखीत कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. किती जागा गार करायची, ताशी किती युनिट लागतात आणि किती तास हवेत. वायरिंग मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. आमच्या भावाने त्याच कागदाच्या खाली आता औरंगाबादच्या खालाचं नाव लिहून ठेवलं आहे. पुढच्या मे महिन्यात, इन्शाअल्लाह.